पासवर्ड वरून येत नाही

रत्ना,

शनिवारी तुझी शोकसभा झाली, रुग्णालयाच्या नव्या इमारतीच्या सभागृहात. पडद्यावर तुझा ओळखपत्रावरचा फोटो लावला होता. तोच, ज्यात तू कॅमेऱ्याकडे अशी बघतेयस, जणू त्यानं काहीतरी चुकीचं टाइप केलंय. आणि त्या फोटोवर, उजव्या कोपऱ्यात, बरोबर तुझ्या खांद्यापाशी ती पुसट करडी अक्षरं होती. विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा, सेटिंग्जमध्ये जा. संस्थेच्या सचिवांचा नवा लॅपटॉप जोडला होता, परवाना न घातलेला. तासभर तू त्या अक्षरांसकट भिंतीवर होतीस. बाकी कुणाला ती दिसलीही नसतील. मला दुसरं काही दिसत नव्हतं.

सचिव बोलायला उठले. "रत्नमाला मॅडम म्हणजे आपल्या संगणक विभागाचा कणा होत्या," म्हणाले. हा शब्द त्या तोंडातून आला. तुझी चौकशी करणाऱ्या समितीतले तिघंही पहिल्या रांगेत होते, पांढरे कपडे घालून. एकानं डोळे पुसले. मग सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली. मला त्या सभागृहातल्या माणसामाणसाची किळस येत होती, आणि मीही त्यांच्यातच उभी होते, मान खाली घालून, हात पुढे बांधून.

सभेत मला बोलायला सांगितलं होतं. मी नको म्हटलं. तिथं जे बोलता आलं नाही ते इथं बोलते.

तू या रुग्णालयात आलीस तेव्हा मला इथं चार वर्षं झाली होती. संगणक विभागाची प्रमुख मीच होणार असं मी धरून चालले होते. ती जागा तुला मिळाली. तू म्हसवडची, मी वाईची. तुझ्या बोलण्यात 'लय' आणि 'न्हाई', माझं बोलणं इस्त्री केलेलं. पहिला महिनाभर मी तुझ्याशी कामापुरतंच बोलले. तुला ते कळत होतं, पण तू तो विषय कधी काढला नाहीस. एक दिवस डबा घेऊन माझ्या टेबलाशी आलीस आणि म्हणालीस, "मेधा, मला शेंगदाण्याची चटणी लय हाय. तुझ्या डब्यात काय हाय?" माझ्या डब्यात भेंडी होती. तुला भेंडी आवडत नव्हती हे मला दोन वर्षांनी कळलं.

आल्या आल्या तू सगळे मजले पायी फिरलीस. एकेका टेबलापाशी बसून प्रत्येक मशीन उघडून बघितलंस. आठवड्यानं खुर्चीत धपकन बसलीस आणि म्हणालीस, "सगळी चोरीची हायत गं. एक सुदीक खरं न्हाई." कुठल्याशा दुकानदारानं विंडोजचा परवाना चुकवणारी एकच फुकटची करामत सगळीकडे चालवली होती. मशीन स्वतःला खरी समजत होती आणि आम्हीही तसंच समजत होतो. मी म्हटलं, "सगळीकडे असंच असतं." त्यावर तू विचारलंस, "आपण सलाइन चोरून आणतो का? एक्स-रेची फिल्म चोरून आणतो का? मग ह्येच का?" तू भाबडी आहेस असं मनात आलं.

भाबडी माणसं दोन वर्षं अर्ज करत नाहीत. तू केलेस. शेवटी संस्थेनं सगळ्या मशीनचा मिळून एक परवाना घेतला आणि तू तळमजल्यावरच्या त्या कोंदट खोलीत सर्व्हर बसवलास. मला तेव्हा कुठे हे प्रकरण नीट कळलं. प्रत्येक मशीनला वेगळा नंबर घालत बसायचं नाही. सगळी मशीन त्या एका सर्व्हरला विचारतात, मी खरी आहे ना? तो हो म्हणतो. ते हो सहा महिने चालतं, म्हणून मशीन अधूनमधून पुन्हा विचारत राहतात. गंमत अशी की पंचवीस मशीननी विचारल्याशिवाय तो सर्व्हर कुणालाच हो म्हणत नाही. चोवीसपर्यंत गप्प बसतो. तुला त्याचं भारी कौतुक होतं. "एकट्यादुकट्याला इचारतच न्हाई बघ. पंचवीस जणं मिळून या म्हणतो."

त्या दुपारी आपण दोघी मजल्यामजल्यावर पळत होतो. चोवीस झाली. पंचविसावं मशीन रुग्णांच्या स्वयंपाकघरातलं, जिथं इंदूमावशी दूध आणि ब्रेडची मागणी भरायच्या. तू त्यांच्या खुर्चीत बसलीस, दोन ओळी टाइप केल्यास, एंटर मारलंस आणि मशीन अ‍ॅक्टिव्हेट झाल्याची अक्षरं पडद्यावर आली. तू उठून इंदूमावशींना मिठीच मारलीस. मावशी घाबरल्या. "आवं मॅडम, काय झालं? माझं काय चुकलं का?"

"मावशी, तुमच्यामुळं आख्खा दवाखाना खरा झाला."

मावशींना काही समजलं नाही. तरी त्यांनी आपल्याला खिरीची वाटी दिली, रुग्णांसाठी केलेली. आपण उभ्या उभ्या खाल्ली.

जतचा दिवस मला असाच आठवतो. आपलं तिथलं छोटं केंद्र, नऊ मशीन, आणि नेट असं की येतंय म्हणेपर्यंत गेलेलं. म्हणून तिथली अ‍ॅक्टिव्हेशन फोनवरून करायची. मशीन एक लांबलचक आकडा दाखवतं, नऊ गट, गटात सात आकडे. ते फोनवर दाबायचे, मग पलीकडचा यांत्रिक आवाज उत्तराचे आकडे सांगतो, आठ गट, गटात सहा, ते मशीनमध्ये घालायचे. एक चुकला की पहिल्यापासून. केंद्रातले बसाप्पा वाचून दाखवत होते, तू फोनवर दाबत होतीस आणि मी लिहून घेत होते. बसाप्पांना घाई झाली की आकडे कानडीत यायचे.

"चार, शून्य, एरडू, सात..."

"एरडू म्हंजी?"

"दोन की वो मॅडम. दोन."

"मग दोन म्हणा की! मी आठ दाबला."

"आठ एंटू होतंय. मी एरडू म्हणालो."

तू फोन कानाला धरूनच हसायला लागलीस, इतकी की यांत्रिक बाई कंटाळून बंद झाली. चौथ्या मशीनपर्यंत तू कानडी आकडे शिकलीस. नवव्याला तू वाचत होतीस, कानडीत, आणि बसाप्पा दाबत होते. परतीच्या एसटीत तू म्हणालीस, "मेधा, या गावात पाणी टँकरनं येतं. पण मशीन नऊच्या नऊ खरी." मी हसले. तू हसत नव्हतीस. तुला खरंच अभिमान वाटत होता.

आता पुढचं सांगते. इथून पुढचं तुला माहीत आहे, पण मी ते तुझ्यासमोर कधीच सलग बोललेले नाही.

नव्या इमारतीसाठी तीसेक मशीन आली. परवान्यात तेवढी वाढ करून घ्यायला हवी होती. तुझा अर्ज दोन महिने सचिवांच्या टेबलावर पडून होता. उद्घाटन आठवड्यावर आलं आणि सचिवांच्या लक्षात आलं की सगळ्या नव्या पडद्यांच्या कोपऱ्यात ती करडी अक्षरं दिसतायत. पाहुणे बघणार. त्यांनी तुला बोलावलं. मी बरोबर होते.

"ही अक्षरं घालवा."

"अर्जावर सही करा सर, जातील," तू म्हणालीस.

"ते नंतर बघू. आधी काहीतरी करून घालवा. सगळे करतात."

"सर, अक्षरांनी काय बिघडत न्हाई. मशीन चालतंय. पाहुण्यांना कोपरा दिसला तर दिसू दे. पण चोरीची करामत मी घालणार न्हाई. ती घालायला अँटीव्हायरस बंद करावा लागतो. दवाखान्यात त्ये करायचं नसतं."

सचिवांनी समोरची फाइल उघडली. तू निघालीस तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हाच कळला होता, रत्ना. आज उगाच न कळल्याचं नाटक करत नाही.

दोन दिवसांनी तू आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी म्हसवडला गेलीस. त्याच दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. समोर एक दुकानदार बसला होता, हातात पेनड्राइव्ह घेऊन. सचिव म्हणाले, "मेधाताई, तुम्ही समजूतदार आहात." एवढंच. दुसरं काही म्हणावंच लागलं नाही. अँटीव्हायरस बंद करायचा पासवर्ड आपल्या दोघींकडेच होता. मी खाली त्या कोंदट खोलीत गेले, तुझ्या खुर्चीत बसले आणि पासवर्ड टाइप केला. एका टिचकीत आख्ख्या नव्या इमारतीचा अँटीव्हायरस बंद. तासाभरात दुकानदाराचं काम झालं. अक्षरं गेली. सचिवांनी मला पेढा दिला आणि मी तो खाल्ला. मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तुझ्याऐवजी मला बोलावलं होतं. आज ते आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

तू परत आलीस आणि तासाभरात तुला कळलं. दाराशी उभी राहून विचारलंस, "कुणी केलं?"

"वरून सांगितलं होतं," मी म्हटलं.

"वरून पाऊस येतो गं. पासवर्ड वरून येत न्हाई."

त्यानंतर तू आवाज चढवला नाहीस. तू सचिवांना पत्र लिहिलंस, उत्तर आलं नाही. मग एकेक मशीन पुसून नव्यानं भरायला घेतलंस. सहा झाली तेव्हा वरून निरोप आला, ओपीडी सुरू आहे, मशीनना हात लावू नका. तू तो निरोपही लेखी मागितलास. तो आला नाही.

दीड महिन्यानं एका सोमवारी सकाळी नव्या इमारतीतल्या सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या. पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. तिथून तो व्हायरस प्रयोगशाळेच्या सर्व्हरपर्यंत गेला होता. तुझ्याकडे जुन्या इमारतीतल्या फायलींची प्रत वेगळी ठेवलेली होती, म्हणून प्रयोगशाळा दोन दिवसांत उभी राहिली. नव्या इमारतीची प्रत नव्हती. तिथली मशीन तुझ्या ताब्यात येऊच दिली नव्हती. सोनोग्राफ्या, एक्स-रे, सगळं गेलं.

जतकडची एक धनगर बाई आठवते तुला? पोटात गाठ होती. आदल्या आठवड्यात केलेली सोनोग्राफी डॉक्टरांना दिसेना, उद्या पुन्हा उपाशीपोटी या म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मेंढरं दुसऱ्याच्या जिवावर सोडून आलेय बाई. परत कवा येऊ?" तू तिच्याशेजारी जमिनीवर बसलीस. तिला आपल्याकडेच ठेवून घेतलंस, तुझ्या खोलीवर. सकाळी तूच तिला घेऊन आलीस. मी लांबून बघत होते. जवळ यायचं धाडस नव्हतं.

मग चौकशी. तिघं टेबलापलीकडे, आपण दोघी अलीकडे. एकानं मला विचारलं, "अँटीव्हायरस बंद कुणी केला?"

मी म्हटलं, "ते विभागप्रमुखांच्या अखत्यारीत येतं."

रत्ना, माझं शिक्षण, माझं शुद्ध बोलणं, सगळं त्या एका वाक्यात कामाला आलं. त्यात खोटं काही नव्हतं, आणि खरंही काही नव्हतं. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. तू म्हणालीस, "मी त्या दिवशी म्हसवडला होते. रजेचा अर्ज हाय." ते म्हणाले, "जबाबदारी तर तुमचीच ना?" तू म्हणालीस, "जबाबदारी माझी. काम माझं न्हाई." त्यांनी फक्त पहिलं वाक्य लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात सचिव समितीतल्या एकाला म्हणत होते, "ही कोट्यातनं आलेली माणसं, यांच्याकडून काय अपेक्षा." आपल्या संस्थेत कोटा कधी नव्हताच. प्रमुखपदाच्या लेखी परीक्षेत तू पहिली होतीस, आणि मी तिसरी. हे मला माहीत होतं, कारण निकालाचा तो कागद मीच फायलीला लावला होता. मी दाराजवळच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढत राहिले. कागद केव्हाच निघाला होता.

तुला जतला पाठवलं. बढती दिल्यासारखं पत्र होतं, 'केंद्र समन्वयक'. नऊ मशीनची समन्वयक. माझ्या टेबलावर विभागप्रमुखाची पाटी आली.

चार महिन्यांनी मी जतला आले, तुला सॉरी म्हणायला. वाटेत वाक्यं पाठ केली होती. तू ऐकून घेतलंस. बसाप्पा बाहेर गेले. मग तू म्हणालीस, "सॉरी नको मला. तोंडी काय बी नको. कागद दे. तू काय केलंस त्ये लिही, सही कर, आवक-जावक नंबर घाल. एवढंच."

"माझी नोकरी जाईल गं."

"व्हय, जाईल."

त्या 'व्हय'मध्ये राग नव्हता. तू फक्त खरं बोललीस. मी भांडले तुझ्याशी. म्हटलं, "तुला सगळं सोपं वाटतं, तुला मागं-पुढं कुणी नाही." हे तुला म्हटलं, जिनं आईचा आणि भावाचा संसार वर्षानुवर्षं ओढला. तू म्हणालीस, "गाडी चुकंल तुझी, जा." निघताना मी म्हटलं, "देते कागद. दिवाळीनंतर देते."

दिवाळी झाली. मुलीची बारावी होती. मग संक्रांत. मी तो कागद लिहायला घ्यायचे, पहिल्या ओळीत 'मी' लिहायचे आणि ते खोडून 'माझ्याकडून झाले' असं काहीतरी लिहायचे. दरम्यान तू कामासाठी दोनदा फोन केलास. कागदाचं नाव काढलं नाहीस. मला वाटलं, विसरलीस. मला असं वाटून घेणं सोयीचं होतं.

आणि मग बसाप्पांचा फोन. सकाळी केंद्र उघडलं, खुर्चीत बसलीस, छातीत दुखतंय म्हणालीस. चव्वेचाळिसाव्या वर्षी. कुणी म्हणतं ताणामुळे झालं. मला माहीत नाही, आणि तसं म्हणून रडायचा हक्कही मला नाही.

शोकसभेहून घरी आले आणि एका बैठकीत कागद लिहिला. 'मी बंद केला. मी पासवर्ड टाइप केला. सचिवांनी सांगितले, पण हात माझा होता. चौकशीत मी खरे बोलले नाही.' सोमवारी आवक विभागात दिला. कारकुनानं विचारलं, "विषय काय लिहू मॅडम?" मी म्हटलं, "परवाना." त्यानं शिक्का मारला, नंबर घातला, पोच म्हणून एक प्रत मला दिली. पाच मिनिटांचं काम होतं, रत्ना. पाच मिनिटांचं.

दुपारी सचिवांनी बोलावलं. "गेलेल्या माणसासाठी कशाला हे? आता त्याचा कुणाला उपयोग? मागं घ्या." मी घेतलं नाही. बुधवारी मला निलंबित केलं. शौर्य म्हणून सांगत नाहीये. तू जिवंत असताना हेच झालं असतं, आणि तेव्हा त्याला काही अर्थ असता.

काल म्हसवडला गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन दोन दिवस झाले होते. घरात तुझी आई आणि भाऊ दोघंच. भावानं कागद मोठ्यानं वाचून दाखवला, सही आणि नंबरासकट. आईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग मला विचारलं,

"तिला दावलं हुतंस का गं ह्ये?"

"नाही, आई."

त्यांनी भावाच्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

"मग ठिव तुझ्यापाशीच."

मी उठले. वाटलं, आता मला जा म्हणतील, म्हणावंच त्यांनी. त्यांनी पदरानं खाट झाडली आणि म्हणाल्या, "बस. लांबनं आलीस. च्या ठेवते."

आणि रत्ना, मी बसले. तुझ्या घरात, तुझ्या खाटेवर, तो कागद मांडीवर ठेवून तुझ्या आईच्या हातचा चहा मी सगळा प्यायले.